‘नाही’ची नोंद नसलेलं सॉफ्टवेअर: मालवणच्या दुकानातून सव्वातीन वर्षांचा अनुभव

दुकानात बिल करायला आणि साठा बघायला घेतलेल्या सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि विकणारा मुलगा अजून दर दिवाळीला फोन करून शुभेच्छा देतो. शिवाय या किमतीतली तीन-चार सॉफ्टवेअर मी शेजाऱ्यांकडे बघितली. थोड्याफार फरकाने सगळी तशीच.

मालवणच्या बाजारपेठेत आमचं कोकणमेव्याचं दुकान आहे. खाजा, काजूगर, आमसुलं, आगळ, फणसपोळी, कुळथाची पिठी, मालवणी मसाला, मे महिन्यात आंबे. आधी हे सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. किल्ला बघायला आणि तारकर्लीला पाण्यात उतरायला येणारी माणसं वाढत गेली, तशी तांदळाची पोती मागच्या खोलीत गेली आणि खाज्याच्या बरण्या पुढे आल्या. सासऱ्यांना सगळा बाजार आप्पा म्हणतो. वय 84, सकाळी दोन तास गल्ल्यामागच्या खुर्चीत बसतातच.

नोव्हेंबर 2022 मध्ये कोल्हापूरहून एक मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. म्हणाला, “मॅडम, आता अंदाजावर धंदा करायचे दिवस गेले. आकडे बोलतात.” वर्षाचे 8400 रुपये, प्रिंटर आणि स्कॅनरचे वेगळे 11,000. बिल करा, साठा आपोआप वजा होईल, काय मागवायचं ते तोच सांगेल, मोठ्या कंपन्या असंच करतात. आप्पांनी चष्म्यावरून बघून विचारलं, “आणि लाइट गेली काय?” मुलगा म्हणाला, ऑफलाइन चालतं. हे मात्र खरं निघालं. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून चार वेळा लाइट जाते आणि बिल कधी अडलेलं नाही.

आधी चांगलं बोलते. बिल झटपट होतं. पाकिटावर 890 ने सुरू होणारा कारखान्याचा बारकोड असेल तर नुसतं स्कॅनरपुढे धरायचं. बचत गटाच्या पिठीला, घरगुती फणसपोळीला आम्ही दुकानातच लेबल छापून चिकटवतो. मुदत संपायच्या महिनाभर आधी पडद्यावर सूचना येते, त्यामुळे पूर्वी मार्चअखेरीस टाकून द्यावी लागणारी सरबतं आता टाकावी लागत नाहीत. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले. घटस्थापनेचा दिवस होता. जॅम-मुरांब्याचा 12 टक्क्यांचा दर 5 वर आला. सकाळी दुकान उघडून घट बसवला, टॅब चालू केला, तर नवे दर आधीच चढलेले. शेजारचे हाताने बिल लिहिणारे गृहस्थ चार दिवस सीएला फोन करत होते. त्या दिवशी 8400 रुपये वसूल झाल्यासारखे वाटले.

काजूचं तर डोळे उघडणारं. काजूगराची प्रत आकड्यावर चालते. डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 म्हणजे एका पाऊंडात साधारण तेवढे अख्खे गर बसतात, म्हणून आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग. आम्ही 240 काचेच्या कपाटात मानाने मांडायचो, तुकडा खाली पिंपात. वर्षाचा नफ्याचा तक्ता काढला तर तुकडा 240 च्या पुढे. घरात शिरा-खीर करणारी बाई तुकडाच नेते, आणि तो पडून राहत नाही. पिंप वर आलं, कपाट अर्धं झालं. हे मला माझ्या डोळ्यांनी वीस वर्षांत दिसलं नव्हतं, कबूल करते.

मराठी भाषांतराबद्दल मात्र काय बोलावं. बिलात काही नसेल तर पडद्यावर येतं, ‘तुमची गाडी रिकामी आहे.’ माल परत घ्यायच्या बटणावर लिहिलंय ‘परत या’. आणि जो माल बरेच दिवस हलला नाही त्याची यादी ‘मृत साठा’ या नावाने लाल रंगात उघडते. पहिल्यांदा ती यादी आप्पांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, “अगो, बारावा घालूचो काय मगे?”

तर, मृत साठा. माझं सगळ्यात मोठं भांडण इथेच आहे.

आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घातलेला रस, सोलकढीचा जीव. रातांबे पिकतात एप्रिल-मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत आगळ तयार व्हावं लागतं. म्हणजे वर्षाची खरेदी एकदाच, मे महिन्यात. जूनमध्ये अक्कल आली तर ती पुढच्या मे महिन्यात वापरायची. आम्ही दरवर्षी कट्टा आणि पेंडूरच्या दोन घरांतून मिळून 240 बाटल्या घेत असू. 2022 च्या मे महिन्यातला माल सॉफ्टवेअर आलं तेव्हा संपत आला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटची बाटली गेली.

मे 2023 मध्ये खरेदीला बसले. तोपर्यंत मी त्या पडद्याच्या प्रेमात होते. यादी उघडली तर आगळ लाल. ‘मागील 150 दिवसांत विक्री: 0. सूचना: खरेदी कमी करा.’ शून्य बरोबरच होतं, बाटली नव्हती तर विक्री कुठून होणार? पण तेव्हा हे डोक्यात आलं नाही. लाल रंगात शून्य दिसलं की माणूस घाबरतो. मनाशी म्हटलं, हल्ली लोक तयार सोलकढीची पावडर नेतात, जमाना बदलला असेल. कारणं काय, हवी तेवढी सुचतात. 100 बाटल्याच घेतल्या. पेंडूरची बाई म्हणालीसुद्धा, “वहिनी, यंदा एवढीच? आजारी आसास काय?”

गणपती आटोपून चाकरमानी परतले तेव्हा आगळ संपलं. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची माणसं आली, रोज पाच-सहा जण विचारायचे. नाताळात त्याहून जास्त. “मालवणात येऊन आगळ नाही?” असं म्हणत लोक समोरच्या दुकानात जायचे, आणि आगळासाठी गेलेलं गिऱ्हाईक खाजाही तिथूनच घ्यायचं. टॅबवर आगळ पुन्हा शून्य, पुन्हा लाल. मी दर महिन्याला नाही म्हणून म्हणून थकले होते आणि सॉफ्टवेअर सांगत होतं की मागणीच नाही.

आप्पांनी तोवर काही म्हटलं नव्हतं. जानेवारीत एकदा टॅबकडे बघत म्हणाले, “बरणीत काय नाय, तर इकतलंस काय?” आणि गल्ल्याखालून त्यांची चोपडी काढली.

या चोपडीबद्दल लिहायला हवं, कारण माझ्या लेखी या सॉफ्टवेअरची खरी स्पर्धा तिच्याशी आहे. लाल कापडी बांधणीची, उभी, हिशेबाचीच. डाव्या पानावर जमा-खर्च. उजव्या पानाच्या कडेला आप्पांनी एक बारीक उभी रेघ मारलेली आणि त्या रेघेपलीकडे दुकानात नसलेलं पण कोणीतरी मागितलेलं लिहिलेलं. ‘आगळ – 4, नाही.’ ‘पातळ पोहे – 2, नाही.’ किराण्याच्या दिवसांपासूनची सवय. जुन्या चोपड्यांत नोव्हेंबर 2009 चं, फयान वादळाच्या दिवसांचं पान आहे. त्यावर ‘मेणबत्ती – 14, नाही’ आणि खाली ‘टॉर्चचे सेल – 9, नाही’. त्यानंतर आमच्या दुकानात मेणबत्तीचे दोन खोके कायम असतात, आजसुद्धा, खाज्याच्या मागे. मला लग्नानंतर कितीतरी वर्षं वाटायचं की म्हाताऱ्याला मेणबत्त्यांचं वेड आहे.

माझा भाचा पुण्यात एका कंपनीत डेटाचंच काम करतो. मे 2024 मध्ये आला होता. त्याला फयानचं पान दाखवलं तर तो उडालाच. म्हणाला, “आत्या, हा तर वॉलमार्टचा किस्सा!” अमेरिकेत 2004 मध्ये फ्लोरिडावर एकामागून एक वादळं येत होती, तेव्हा वॉलमार्टने आधीच्या वादळाच्या वेळची आपल्या दुकानांतली बिलं चाळली. बॅटऱ्या-पाणी खपतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण वादळाआधी स्ट्रॉबेरीच्या पॉप-टार्ट्स, म्हणजे भट्टीत न घालता खाता येणारी गोड बिस्किटासारखी चीज, नेहमीच्या साधारण सातपट जात होती, आणि सगळ्यात जास्त खपत होती ती बिअर. मग पुढच्या वादळाआधी त्यांनी ट्रक भरून तोच माल त्या वादळाच्या वाटेवरच्या दुकानांत पाठवला आणि तो खपला.

मी विचारलं, “पण तो खप त्यांना दिसला कसा?” तो म्हणाला, “बिलांतून.” म्हटलं, “हो रे, पण बिल झालं कारण माल होता. पहिल्याच दिवशी पॉप-टार्ट्स संपल्या असत्या तर?” तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला की त्यांच्या धंद्यात हा प्रश्न जुनाच आहे. विक्रीचा आकडा म्हणजे मागणीचा आकडा नव्हे. माल संपला की विक्री तिथेच थांबते आणि मागणी किती पुढे गेली असती ते कळत नाही. मोठ्या कंपन्या म्हणे माल संपलेले दिवस वेगळे काढतात आणि मगच सरासरी धरतात. आमच्या 8400 च्या सॉफ्टवेअरला रिकाम्या फळीचा दिवस आणि न खपलेल्या मालाचा दिवस सारखाच. साठा शून्य आहे हे त्यालाच माहीत असतं, विक्री शून्य आहे हेही त्यालाच माहीत, पण या दोघांची गाठ घालावी एवढं कोणी त्याला शिकवलेलं नाही. सांगा, हे काय फार अवघड होतं?

कंपनीला फोन केला. तिथली मुलगी गोड बोलली. ‘नाही म्हटलेला माल’ नोंदवायला एक बटण द्या, एवढंच मागितलं. “फीचर रिक्वेस्टमध्ये टाकते, मॅडम.” जून 2024 ची गोष्ट. अजून टाकतेच आहे.

शेवटी आम्हीच जुगाड केला. आधी शून्य रुपयांची बिलं करून बघितली, ‘आगळ नाही’ नावाचा खोटाच माल उघडून. महिन्याने आमच्या सीएंनी हात जोडले, बिलांच्या क्रमांकात शून्याची बिलं घालू नका, उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू. मग भाच्याने सुचवलं की ‘अंदाजपत्रक’ नावाचं जे खातं आहे, हॉटेलवाल्यांना भाव काढून द्यायला, ते आपण कधी वापरत नाही, त्यात टाका. आता गिऱ्हाईकाला नाही म्हटलं की दुकानातली मुलगी टॅबवर त्या मालाचं एक अंदाजपत्रक करते. कर नाही, बिलाचा क्रमांक नाही, आणि महिन्याअखेरीस तक्ता मात्र निघतो. ज्यांचं सॉफ्टवेअर असंच आहे त्यांनी करून बघावं.

पहिल्या वर्षाचा तो तक्ता मी प्रिंट काढून भिंतीवर लावलाय. आगळ 93, ते अपेक्षितच; मे 2024 मध्ये मी चोपडी बघून पुन्हा 240 घेतल्या होत्या तरी मार्चनंतर कमी पडल्या. बिनसाखरेची आंबापोळी 38. आणि 57 वेळा भिरंडेल! कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, थंडीत टाचांना भेगा पडल्या की आमच्या आज्या लावायच्या ते. आम्ही ते दुकानात कधी ठेवलंच नव्हतं. जे कधी ठेवलं नाही ते विक्रीच्या कुठल्याच तक्त्यात येणार नाही, मग ते सॉफ्टवेअर आठ हजारांचं असो की आठ कोटींचं. आता एका बचत गटाकडून घेतो, छोट्या वड्या करून. गल्ल्याशेजारी ठेवलंय. बायका आधी वास घेतात, मग दोन घेतात.

दुसरं भांडण कॅलेंडरवरून.

‘पुढील आठवड्याचा अंदाज’ असा एक पडदा आहे. गेल्या वर्षी याच तारखांना काय खपलं ते बघून तो यंदाची मागणी सांगतो. शहरात, पगाराच्या तारखांवर चालणाऱ्या धंद्याला हे ठीक असेल. आमचा धंदा चंद्रावर चालतो. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, गणपती 19 सप्टेंबरला बसले, गौरी-विसर्जन 23 ला. चाकरमानी परतताना जी खरेदी करतात ती आमची वर्षातली सगळ्यात मोठी, आणि ती झाली सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. 2024 मध्ये गणपती 7 सप्टेंबरला, गौरी-विसर्जन 12 ला. सॉफ्टवेअर ऐन गर्दीत ‘मागणी सामान्य’ म्हणत होतं, आणि 20 तारखेला, रस्ता ओस पडल्यावर, ‘खाजा 300 पाकिटं तातडीने मागवा’ म्हणून घंटी वाजवायला लागलं. ओरडतंय आपलं. मी आवाज बंद केला.

गणपतीचं निदान पंचांगात तरी असतं. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचं काय करणार? ती तिथीवर नसतेच. देवीचा कौल होतो आणि मग तारीख जाहीर होते. 2023 ला 4 फेब्रुवारी, 2024 ला 2 मार्च, 2025 ला 22 फेब्रुवारी. मुंबईहून जादा गाड्या सोडाव्या लागतात अशी गर्दी, दीड दिवस. आमचा तिथे खाज्याचा स्टॉल असतो. 2024 च्या जानेवारीत पडद्याने सांगितलं, 4 फेब्रुवारीच्या सुमारास खाज्याची मागणी आठपट. सूचना मनावर घेऊन महिनाभर आधी खाजा करून ठेवला असता तर सगळा सादळून गेला असता. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, “देवी काय तुझ्या मशिनीक इचारून कौल देता?”

त्या जत्रेत सॉफ्टवेअरची परीक्षाही झाली. लाखो माणसं एका माळावर, मोबाइलला रेंज कुठली. पेमेंट अडकायला लागली म्हणून रोखीवर आलो, पण बिलं ऑफलाइन होत राहिली. कौतुक आहेच. घरी येऊन रात्री तीनला ती सगळी वर चढली, आणि शनिवारच्या बिलांवर रविवारची तारीख पडली! विकल्याची वेळ नव्हे, चढल्याची वेळ. दोन दिवसांचा हिशेब वेगळा करायला माझे चार दिवस गेले. हा दोष त्यांनी नंतर सुधारला, पुढच्या जत्रेला बरोबर तारखा आल्या.

तिसरा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिन आमच्याकडे, तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला, पंतप्रधान आले होते. त्याआधीचा आठवडाभर गावात बंदोबस्ताचे पोलीस, पत्रकार, पाहुणे. आमच्याकडे खाज्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटंच गेली. झालं, नोव्हेंबर 2024 च्या शेवटी टॅब म्हणतो: पाणी 60 खोके, बिस्किटं 40 खोके, तातडीने. 2024 चा नौदल दिन होता ओडिशात, पुरीच्या किनाऱ्यावर. बिस्किटं तिकडे खपली असतील. एखादा दिवस ‘हा मोजू नको’ म्हणून बाजूला काढायची सोय तेव्हा नव्हती.

2025 च्या जूनमध्ये एक मोठी सुधारणा आली, तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आता ‘आपले प्रसंग’ म्हणून तारखा स्वतः टाकता येतात, आणि तो अंदाज तारखेवरून न करता प्रसंगाच्या आधी-नंतरच्या दिवसांवरून करतो. मी गणपतीच्या मागच्या दोन्ही वर्षांच्या तारखा भरल्या, 2025 ची 27 ऑगस्ट भरली, नौदल दिनाचा आठवडा वगळला. 2025 च्या गौरी-विसर्जनानंतरच्या गर्दीत खाजा किती लागेल हे त्याने सांगितलं आणि मी, जीव मुठीत धरून, तेवढाच घेतला. सहा पाकिटं उरली. सहा! एवढा नेमका अंदाज माझा कधी आला नव्हता, आप्पांचाही नाही. दोन दिवस मी टॅब पदराने पुसत होते. 2026 चे गणपतीही लगेच भरून ठेवलेत, 14 सप्टेंबर. अधिक ज्येष्ठ असल्याने पुन्हा पुढे गेलेत.

म्हणजे यंत्र मठ्ठ नाही. त्याला आमच्याकडचं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून द्यायची जागा त्यात आधी ठेवलेली नव्हती. भाचा सांगत होता, जपानमध्ये सेव्हन-इलेव्हनवाल्यांनी 1982 मध्येच दुकानादुकानांत असली बिलिंग यंत्रं बसवली, पण उद्या काय मागवायचं ते ठरवायचं काम दुकानातल्या माणसाकडेच ठेवलं, अगदी अर्धवेळ काम करणाऱ्या मुलांकडेसुद्धा. उद्या पाऊस आहे, जवळच्या शाळेत खेळांचे सामने आहेत, तर भाताचे मुटके किती जातील याचा त्यांनी अंदाज बांधायचा, मागवायचं, आणि संध्याकाळी यंत्रातला आकडा बघून आपला अंदाज चुकला की बरोबर आला ते ताडून बघायचं. हे मला पटलं. आमच्याकडे आलेल्या मुलाने नेमकं उलटं सांगितलं होतं: तुम्ही काही ठरवू नका, पडदा सांगेल.

ताडून बघण्यापुरता पडदा उत्तम, हे मी दुपारच्या दुकानावरून सांगते. मालवणात दुपारी एक ते चार दुकानं बंद. जेवण, वामकुक्षी. तासावार विक्रीच्या तक्त्यात तेव्हा अर्थातच शून्य, आणि आगळाने हात पोळल्यामुळे मी त्या शून्याला भुलले नाही. 2024 च्या नाताळच्या सुट्टीत दहा दिवस दुपारी दुकान उघडं ठेवून बघितलं. नवरा रुसला. दहा दुपारींत 67 बिलं झाली आणि एकेक बिल सकाळच्यापेक्षा मोठं. किल्ल्यावरून, पाण्यातून आलेली, जेवून गाडीत बसायच्या बेतातली माणसं. मग जुलैत आठवडाभर तेच केलं तर सगळी मिळून चार बिलं, त्यात दोन छत्री विसरलेल्यांची. तेव्हापासून नाताळ आणि मे महिन्यात दुपारी दुकान उघडं, बाकी वर्षभर झोप. नवऱ्याशी वाद घालायला माझ्याकडे आता प्रिंट आहे.

आणखी थोड्या तक्रारी, पटापट. प्रत्येक बिलाला गिऱ्हाईकाचा मोबाइल नंबर मागणारा पडदा आधी उघडतो. तो कायमचा बंद करता येतो, पण ते बटण शोधायला मला वर्ष लागलं. बाजारातली एक म्हातारी मावशी पाव किलो आमसुलं घेताना म्हणाली, “माझो नंबर तुका कित्याक व्हयो? सोयरीक आणतलंस?” मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानेच दुकानदारांना सांगितलं होतं की नंबरासाठी अडून बसू नका, तरी पडदा तसाच. थर्मल कागदावरचं बिल आमच्या दमट हवेत चार महिन्यांत कोरं होतं, जपून ठेवायचं असेल तर झेरॉक्स काढा. स्कॅनरचा स्क्रू खाऱ्या वाऱ्याने गंजला, तो त्यांचा दोष नाही.

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकते. गेल्या वर्षीपासून टॅबवर जाहिरात येते, ‘तुमच्या विक्रीवर दोन लाखांचं कर्ज, पाच मिनिटांत.’ माझी विक्री किती आहे हे कर्ज देणाऱ्याला कोणी सांगितलं? विचारलं तर म्हणाले, करारात लिहिलंय, तुम्ही सही केलीत. अठरा पानांचा करार, इंग्रजीत. माझ्या दुकानात काय खपतं ते मला सांगायचे मी पैसे देते, आणि तीच माहिती दुसऱ्याला दाखवून ते आणखी कमावतात. बाजारातल्या तीस दुकानांची बिलं त्यांच्याकडे आहेत, म्हणजे मालवणात खाजा कुठे किती भावाने जातो हे आज आमच्या व्यापारी संघापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. घ्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा: माहिती कोणाला देता, आणि सोडून जायचं झालं तर माझी सगळी बिलं एक्सेलमध्ये काढून देता का. दुसरीचं उत्तर आमच्या कंपनीचं ‘हो’ आहे, करून बघितलंय, नीट निघतात.

पाचपैकी साडेतीन देते. बिल, कर, मुदत, नफ्याचा तक्ता यांना पूर्ण. ‘मृत साठा’ला शून्य, तो पडदा मी मुलीला उघडू देत नाही. तुमचा माल वर्षभर मिळणारा असेल तर चार समजा, चूक झाली तर पुढच्या आठवड्यात दुरुस्त होईल. आमच्यासारखं वर्षातून एकदाच आगळ भरायचं असेल तर तीन.

नूतनीकरण करताना तीन वर्षांचं घेतलं तर सूट होती, मी एकाच वर्षाचं घेतलं. यंदाच्या मे महिन्यात 300 बाटल्या सांगितल्यात, पेंडूरच्या बाईने आजाराची चौकशी केली नाही.

आप्पांना अंदाजपत्रकाचं दाखवलं होतं, त्यांनी मान डोलावली आणि चोपडी चालूच ठेवली. सकाळच्या दोन तासांतलं ते लिहितात, मी रात्री टॅबवर चढवते. कालच्या पानावर रेघेपलीकडे एकच ओळ होती, अक्षर जरा कापरं: ‘सांडगी मिरची – 3, नाही.’